कोरडे आडनावाला शोभेलसं

३ जून

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, मी ठीक आहे. फोनच करणार होते. पण फोनवर आपण दोघी एकमेकींना ‘बाकी काय’ विचारतो, दोघीही ‘काही नाही’ म्हणतो आणि मग नुसती खरखर ऐकत बसतो. पत्रात तसं चालत नाही, पान भरावंच लागतं.

नव्या गावात माझं बस्तान बसलं म्हणायला हरकत नाही. चष्म्याचं हे दुकान आधीच्यापेक्षा मोठं आहे. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवायचं, समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावायची आणि भिंगं बदलत विचारायचं, हे बरं की ते बरं. राहायला खोली मिळालीय ती एका सुताराच्या कारखान्याच्या वर. सकाळपासून खाली रंधा आणि करवत चालू असते. पहिले चार दिवस डोकं उठलं. आता उलट झालंय. संध्याकाळी सुतार शटर ओढून घरी गेला की खोली एकदम मोठी वाटायला लागते. बाकी पोटातला भाडेकरू मजेत आहे. सहावा लागला. भाडं देत नाही, वर लाथा मारतो.

आता मुद्द्याचं. माझं लग्नाआधीचं आडनाव तुम्हाला ठाऊक आहे. ते आमच्या अनाथाश्रमाच्या पहिल्या अधीक्षकांचं. तिथे वाढलेल्या सगळ्यांचं तेच. शाळेत हजेरीला ते आडनाव आलं की आमची रांगच लागायची आणि वर्ग ओरडायचा, आली मालगाडी. लग्नानंतर मी कोरडे झाले तेव्हा मैत्रिणी खूप हसल्या. मला मात्र पहिल्यांदाच असं आडनाव मिळालं होतं, ज्याच्या मागे एक घर होतं, आणि त्या घरात मीठ जास्त झालं म्हणून तोंडावर सांगणारी एक बाई होती.

तो परदेशात गेल्यावर त्याच्या वकिलाचे कागद आले, ते तुम्हाला माहीत आहेच. त्यात लिहिलंय की मी पूर्वीचं आडनाव लावावं. मी लावीनही, मला सवय आहे. पण बाळाला पुन्हा त्या मालगाडीत चढवायला मन होत नाही. बाळाला कोरडे लावू का? कायद्याने लावता येतं असं माझ्या वकीलबाई म्हणाल्या. मी कायद्याचं विचारत नाही, तुम्हाला विचारते. हो म्हणालात तर हक्काने लावीन. नाही म्हणालात तर पुन्हा विचारणार नाही. आणि हो म्हणालात, तर त्याला शोभेलसं नाव सुचवायचं काम तुमचं. हे आडनाव कुठल्याही नावाला पाण्यात बघतं, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

तुमच्या लोभावर माझा हक्क उरलाय की नाही, कळत नाही. म्हणून मागत नाही. असेल तेवढा असू द्या.

सून


२४ जून

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उशीर झाला त्याला कारण शाळा. शाळा उघडायच्या आधी माझं शिलाई मशीन जेवायलासुद्धा थांबत नाही, हे तू पाहिलंयस. गणवेश, त्यांच्या पट्ट्या, आणि आता नवीन टूम, प्रत्येक कॉलरच्या आत पोराचं नाव भरून द्यायचं. आईबापांनी एकेक नावं ठेवली आहेत! एका पोराचं नाव एवढं लांब की ते कॉलरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं आणि आडनाव बाहीवर न्यायची वेळ आली. त्याच्या आईला म्हटलं, याला घरात काय म्हणता? ती म्हणाली, चिकू.

आडनावाचा विषय काढलास म्हणून सांगते. माझं नाव नदीचं. नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने आमची दोन्ही नावं जोडून मोठ्याने वाचली आणि म्हणाला, बाई, लग्न करताय की धरण बांधताय? तुझे सासरे कानापर्यंत लाल झाले. बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, तुझं नाव बदलून घेऊ या का? मी म्हटलं, नदी केव्हाची वाहतेय, तुमचं कोरडं आत्ता आलंय. तेव्हापासून ते गेले तोपर्यंत पुन्हा तो विषय निघाला नाही. पाणी मात्र मीच ओतायचं आणि त्यांनी प्यायचं, हे शेवटपर्यंत चाललं.

तू विचारलंस त्याचं उत्तर आज देत नाही. रागावू नकोस. कापड एकदा कापलं की कापलं. मला आधी चार वेळा मापं घ्यायची सवय आहे.

दूध पीत जा. भाडेकरूला सांग, घरमालकिणीला झोपू दे.

आशीर्वाद आहेतच, ते काही पत्राच्या टपाल खर्चावर अवलंबून नाहीत.

तुझी सासू


२ जुलै

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून धरणावर इतकी हसले की खालून सुताराने वर बघितलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे उत्तर नाही. ठीक आहे, मापं घ्या. दुसरी म्हणजे, मागच्या वर्षीपर्यंत मला ‘चि. सौ.’ असायचं, या वेळी नुसतं ‘चि.’ होतं. चूक तुमची नाही. कागद झाले की ‘सौ.’ जाणारच. फक्त ते आधी तुमच्या हातून जाईल असं वाटलं नव्हतं.

तुम्ही मापं घेताय तोवर मी नावं घेतेय. सागर, सरिता, वर्षा, मेघना ही मंडळी पहिल्याच फेरीत बाद. स्नेहल म्हणजे उघड थट्टा. हसमुख कोरडे म्हटलं की दात दाखवूनही न हसणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. दीपक, अशोक घेतलं तर दोन क एकमेकांवर आपटतात आणि म्हणणाऱ्याला उचकी लागते. दुकानातले कॅशियरकाका फार विचार करून म्हणाले, मुलगी झाली तर ओलेती ठेव, हिशेब शून्यावर येईल.

परवा तपासणीला गेले होते. तिथल्या बाईने विचारलं, सोबत कोण आहे? मी म्हटलं, येताहेत, गाडी लावताहेत. का म्हटलं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं. मग शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून बसावं लागलं. दवाखान्यात गर्दी. एक आजोबा काठी टेकत आले आणि विचारायला लागले, इथे कोणी आहे का. मी पर्स उचलली आणि म्हटलं, बसा. ते बसले. माझं नाव पुकारलं तेव्हा त्यांनीच माझी फाइल धरली, मला उठायला हात दिला. आत डॉक्टरीणबाईंना वाटलं, माझे वडील असावेत.  दहा मिनिटं का होईना, असू देत म्हटलं.

उत्तराची वाट पाहते, पण घाई नाही. लोभाचं मागच्यासारखंच समजा.

सून


१५ जुलै

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझी तब्येत बरी असेल. मी इथे मजेत आहे. नवीन घर घेतलंय. तुझ्यासाठी वेगळी खोली आहे, खिडकीतून बाग दिसते. तुझे कागदपत्र झाले की मी तिकीट पाठवतो. किती दिवस पायाने मशीन मारत राहणार आहेस?

रविवारी फोनवर तू मला तिच्या पत्राबद्दल सांगितलंस. तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, कारण ही शेजारीच बसली होती. म्हणून लिहितो. आई, त्या मुलाला आपलं आडनाव लागू नये असं मला वाटतं. माझा तिच्यावर राग नाही, खर्चाचं जे ठरेल ते मी देईन. पण इथे मी सगळं नव्याने मांडतोय. मूल होणार आहे हे मी हिला अजून सांगितलेलं नाही. उद्या कुठे आडनाव निघालं, प्रश्न निघाले, तर माझं पुन्हा सगळं मोडेल. तू तिला नाही म्हणून कळव. वकिलाचं ती ऐकणार नाही, तुझं ऐकेल.

हे लिहायला मला जड जातंय, पण तुला दोन्हीकडे राहता येणार नाही. तू कळवल्याचं मला समजेपर्यंत आपण फोन न केलेला बरा.

गोळ्या वेळेवर घे. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझा मुलगा


२८ जुलै

चि. मुलास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं, अक्षर तुझंच होतं.

तू लहान असताना तुझ्या हातून काही फुटलं की तू त्याच्यावर उशी ठेवायचास. मी उशी उचलायची, तुकडे गोळा करायचे आणि तुझ्या वडिलांना सांगायचं, माझ्या हातून फुटलं. मला तेव्हा ती माया वाटायची. या वेळी उशीखाली एक जिवंत पोर आहे. मला उचलायला सांगू नकोस, आणि ठेवायलाही सांगू नकोस.

आडनाव तुझ्या खिशातलं नाही की तू याला देशील आणि त्याला देणार नाहीस. तुझ्या जन्माच्या आधीपासून मी ते वापरतेय. मी ते धुतलंय, उन्हात घातलंय, फाटलं तिथे रफू केलंय, लोक हसले तेव्हा मान वर करून चाललेय. त्यावर माझा शब्द चालतो. मी तिला हो म्हणून कळवणार आहे. तुला आधी सांगते, मागून कळायला नको.

बागेची खोली राहू दे. बाग मला आवडते, पण खिडकीत बसून राहायला जमणार नाही. आणि जिथे माझ्या नातवंडाचं नाव काढायची चोरी, तिथे मी जेवू कशी?

दोन्हीकडे राहता येणार नाही म्हणतोस. मला वाटत होतं, ही एकच बाजू आहे. तू फोन केलास तर मी उचलीन. नाही केलास तरी रविवारी संध्याकाळी मी घरीच असते.

थंडीत कान झाकत जा. लोभ कमी करायला मला येत नाही, तू काळजी करू नकोस.

आई


३० जुलै

चि. पोरीस,
आशीर्वाद.

लाव. बाळाला कोरडे लाव. मापं घेऊन झाली.

‘सौ.’ चुकून गळलं नव्हतं. चार वेळा लिहायला घेतलं आणि वाटलं, तिला टोचेल. नाही लिहिलं तर तेही टोचलं. आता ती भानगडच नको. यापुढे नुसतं ‘चि.’ लिहीन. माझ्या पोटच्या पोरालाही मी तेवढंच लिहिते.

आता नावाचं. मी कॉलरीतली नावं एकेक करून आपल्या आडनावाला लावून बघत होते. एकही बसेना. परवा दुपारी एक माणूस खोळ शिवून घ्यायला आला. तंतुवाद्यं दुरुस्त करतो. मोठं वाद्य उचलून आणलेलं, घामाघूम झाला होता. मी माप घेताना भोपळ्याला टिचकी मारली तर केवढा घुमला! मी विचारलं, हा असा बोलतो कसा? तो म्हणाला, बाई, भोपळा वेलीवरून काढला की कित्येक महिने छताला टांगून ठेवतो. ओला राहिला तर सडतो. पुरता कोरडा झाला की मगच त्याला आवाज येतो. आणि पुन्हा म्हणाला, कोरडा नसेल तर वीणा होतच नाही.

मी सुईत दोरा ओवत होते, ती तशीच थांबले. तो माणूस घाबरला, म्हणाला, शिवता येणार नाही का? मी त्याला खोळ फुकट शिवून दिली. का ते त्याला कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

मुलगी झाली तर वीणा. बोलून बघ. दोनच अक्षरं, शेवट लांबवता येतो, गल्लीच्या टोकापर्यंत हाक जाते. क वर क आपटत नाही. मुलगा झाला तर तू बघ, माझं डोकं एका नावातच संपलं.

मधलं नाव काय लिहायचं ते तुझं तू ठरव. त्यात मी पडत नाही.

लोभाचा हिशेब तू दोन पत्रं उधारीवर ठेवलास. आता मिटला समज.

तुझी सासू


१२ ऑगस्ट

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं ‘लाव’ मी दुकानात वाचलं. एक गिऱ्हाईक खुर्चीत बसलं होतं, एका डोळ्यावर झाकण लावून. त्यांनी सगळ्या ओळी वाचल्या, शेवटची बारीकसुद्धा वाचली, आणि मग विचारलं, आता दुसरा डोळा उघडू का? मी तोवर भिंतीकडे तोंड करून उभी होते.

वीणा कोरडे. मोठ्याने म्हणून बघितलं. रंध्याच्या आवाजातही ऐकू येतं. एकच वाटलं, ते सांगते, राग मानू नका. आतून रिकामा, बाहेरून वाळलेला आणि छताला टांगलेला भोपळा म्हणजे सध्या मीच की. कारखान्याच्या वरची, टांगलेलीच. पोरीला माझंच नाव द्यायचं का, असं एक दिवस वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, मी काही अजून वाजलेली नाही, ती वाजेल. तेव्हा मुलगी झाली तर ठरलं. मुलासाठी अजून शोधतेय, पण खरं सांगू, शोधण्यात जीव नाही.

तुम्ही याल का? ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिलीय. खोली एकच आहे, पण सुताराने पलंग करून देतो म्हटलंय. तुम्हाला काम असतं, मला कळतं. आठ दिवस आलात तरी चालेल. दवाखान्यातल्या त्या खुर्चीवर कोणी ओळखीचं बसलेलं असलं तर बरं वाटेल.

त्याला तुम्ही सांगितलंत का? तो काही म्हणाला?

लोभ मिटला म्हणालात तसा मिटवू नका, हिशेब चालूच राहू दे.

सून


९ सप्टेंबर

चि. पोरीस,
आशीर्वाद.

अक्षर बघून घोटाळ्यात पडशील. हे अक्षर शेजारच्या मावशीचं आहे, बोलणं माझं. वरच्या फळीवरून दोऱ्याचं रीळ काढताना स्टूल हललं आणि मी खाली आले. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर आहे. हाडाचे डॉक्टर म्हणतात, या वयात हाड सावकाश धरतं, प्रवास अजिबात नाही. म्हणजे मी येऊ शकत नाही. हे वाक्य मी मावशीला तीनदा खोडायला लावलं, पण दुसरं वाक्य सापडलं नाही.

मशीन झाकून ठेवलंय. घरात इतकी शांतता आहे की नळ ठिबकला तरी कोणी आल्यासारखं वाटतं. डाव्या हाताने लंगोट शिवायला घेतले होते. त्यांचा आकार बघून मावशी म्हणाली, हे हत्तीच्या पिल्लाचे का? तरी पाठवते आहे.

तू त्याचं विचारलंस. तो काही म्हणाला नाही. तो मुळात कमीच बोलतो.

कळा सुरू झाल्या की घाबरू नकोस. ओरडावंसं वाटलं तर खुशाल ओरड, तिथे कोणी आपल्याला ओळखत नाही.

हात मोडलाय, आशीर्वाद द्यायचा दुसरा आहे.

तुझी सासू

ता. क. हे मी, शेजारीण, माझ्या अकलेने लिहितेय, त्यांना वाचून दाखवणार नाही. त्यांच्या मुलाने जुलैपासून फोन केलेला नाही. तुम्हाला आडनावाचा होकार द्यायचा नाही असं त्याचं म्हणणं होतं, आणि यांनी दिला. रविवारी संध्याकाळी या इस्त्रीचे कपडे घालून फोनजवळ बसतात. आम्ही जेवायला बोलावलं तरी येत नाहीत. सोमवारी म्हणतात, फोन बिघडलाय. दोनदा दुरुस्तीवाल्याला बोलावून झालं. तो म्हणतो, फोन चांगला आहे. तुम्हाला कळायला हवं असं वाटलं. चुकलं असेल तर माफ करा.


१४ ऑक्टोबर

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहोत. तार करणार होते, पण तारेत मावेना.

मला दवाखान्यात सुतार आणि त्याची बायको घेऊन गेले, त्यांच्या लाकडाच्या टेम्पोतून. आत मी एकटीच होते. तुम्ही सांगितलं तसं ओरडले. शेवटी शेवटी मी तुम्हालाच हाक मारत होते म्हणे. परिचारिका म्हणाली, सगळ्याच आईला हाक मारतात. मी तिला सांगितलं नाही की मला ते पहिल्यांदाच जमलं.

दुसऱ्या दिवशीची गंमत ऐका. बाळाच्या मनगटाला पट्टी बांधतात, तिच्यावर आडनाव. सकाळी ती परिचारिका बाळांच्या खोलीतून मोठ्याने विचारत आली, कोरडे बाळ कोणाचं, ते ओलं झालंय! सगळा वॉर्ड हसला. मी इतकी हसले की टाके दुखले. मग हसता हसता उजवीकडे वळले, कोणाला तरी सांगावं म्हणून. तिकडे भिंत होती. म्हणून तुम्हाला सांगतेय.

तुमच्या मावशींनी पत्राखाली चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांच्यावर रागावू नका. आडनाव मागताना त्याच्यापायी तुमचा रविवार जाईल हे मला ठाऊक असतं, तर मी मागितलं नसतं. काल जन्मनोंदणीला गेले तेव्हा मनाशी ठरवूनच गेले होते की माझं जुनं आडनाव सांगायचं. निदान तुमचा फोन तरी वाजेल. रांगेत उभी होते, पोर खांद्यावर झोपलेली. माझी पाळी आली. कारकुनाने वडिलांचं नाव विचारलं, ते खरं होतं ते सांगितलं, खोटं कशाला? मग म्हणाला, बाळाचं नाव? मी वीणा म्हटलं आणि थांबले. तो म्हणाला, पुढे? मागचे लोक खाकरायला लागले. तेव्हा मनात आलं, मी दुसरं काही सांगितलं आणि तरीही फोन वाजला नाही, तर? मग तुमच्याकडे तोही नसेल आणि आम्हीही नसू. तुम्ही एकदा कापड कापून बसलात, ते मी आता फेकून देणारी कोण?

मी म्हटलं, वीणा कोरडे. मधे काही नको, एवढंच. आणि तो हसेल म्हणून थोडी थांबलेही, हसायचं असेल तर हसून घेऊ दे. त्याने वरही पाहिलं नाही. शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं. बाहेर पायरीवर बसून मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. दुकानात मी लोकांना विचारते तसं स्वतःला विचारलं, स्पष्ट दिसतंय का? डोळे भरले होते, पण दिसत होतं.

यापुढे दर शनिवारी संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन करीन. ‘बाकी काय’ म्हणणार नाही, पोरीला रडवीन, ते ऐका. रविवारी करणार नाही. तो वेळ त्याचा आहे. लाइन मोकळी असावी.

लोभ मागायला आता दोघी आहोत, तेव्हा दुप्पट पाठवावा.

सून


८ नोव्हेंबर

चि. पोरीस आणि चि. वीणास,
आशीर्वाद.

प्लास्टर निघालं. हे माझंच अक्षर आहे. कोंबडीच्या पायासारखं दिसतंय, पण चालतंय. हात बारीक झालाय, प्लास्टरच्या आतून दुसऱ्याच कोणाचा तरी हात निघाल्यासारखं वाटलं.

मावशीवर रागावले होते. दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून राग सोडला.

तुझ्या शनिवारच्या फोनात पोर रडते तेव्हा मी रिसीव्हर उशीवर ठेवून बाजूला आडवी होते. तू ‘आई, आहात ना’ म्हणतेस तेव्हा उत्तर द्यायला उशीर होतो तो त्यामुळे. एकदा तर तू घाबरून ठेवून दिलास.

काल दुपारी एक गोष्ट केली, ती तुला सांगायला हरकत नाही. नाव सुचवलं मी, पण हाक कधी मारलीच नव्हती. तू फोनवर तिला सोनी, ठमी, काहीही म्हणतेस, म्हणून मीही तेच. काल मशीनवरचं कापड काढलं, तेलपाणी केलं, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बाहेरच्या खोलीकडे तोंड करून चांगली खणखणीत हाक मारली, वीणाऽ. घर इतकं रिकामं आहे की हाक भिंतीला लागून परत आली. मग आडनावासकट मारली, शाळेतल्या बाई मारतात तशी. पलीकडून मावशीने भिंतीवर थाप मारली आणि ओरडून विचारलं, कोणाला बोलावताय? मी ओरडून सांगितलं, नातीला! अजून आली नाही, पण हाक कुठवर जाते ते बघतेय. ती म्हणाली, माझ्यापर्यंत तर आली. मग मी तशीच दारात उभी राहिले. हाक मारल्यावर माणूस येईपर्यंत थांबायची आपली सवय असते ना, तेवढा वेळ. कोणी येणार नव्हतं, हे ठाऊक होतं. तरी बरं वाटलं, असं लिहिलं तर खोटं होईल. बरं नाही वाटलं. म्हणून स्टेशनवर जाऊन तिकीट काढून आले.

गुरुवारी सकाळी पोचते. तू स्टेशनवर येऊ नकोस, अंगावरचं पोर आहे. सुताराला पाठव. त्याला सांग, डाव्या हातात पिशवी असलेली, नाकासमोर चालणारी म्हातारी. मशीन बरोबर आणत नाही. पण तुझ्या गावात एखादं जुनं मिळत असेल तर विचारून ठेव. आठ दिवस म्हणाली होतीस. ते आपण तिथे बघू.

त्याचं काही आलेलं नाही. किल्ली मावशीकडे देऊन जातेय, आणि दाराला तुझा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून लावतेय. तो रविवारी आलाच, तर नुसतं कुलूप बघून त्याने परत जाऊ नये.

माझा लोभ आता थोडा थोडा सगळ्यांना पुरवावा लागणार. कोणाला कमी पडला तर सांगावं.

वीणाची आजी